'नाव नोंदवू नका' हा सल्ला मुलाच्या मुळावर येईल

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत आणि इकडे त्यांच्या आजी-आजोबांच्या फोनवर एक संदेश फिरतो आहे. सार असे: 'अमेरिकेने सक्तीची सैन्यभरती सुरू केली आहे. अठरा वर्षांच्या मुलाला सिलेक्टिव्ह सर्व्हिसचे पत्र आले तर उत्तर देऊ नका. नाव नोंदवले की तो सैन्यात गेलाच. ग्रीन कार्डवाल्यांना हा कायदा लागू नाही आणि एकुलत्या एका मुलाला तर सूटच आहे.' सिलेक्टिव्ह सर्व्हिस म्हणजे वेळ पडल्यास सैन्यात बोलावता येईल अशा पुरुषांची यादी ठेवणारी अमेरिकेची सरकारी यंत्रणा. आईबापांच्या पोटात गोळा आणणारा हा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकीचा आहे.

भरती सुरू झालेली नाही. व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस, १९७३मध्ये, सक्तीची भरती थांबली. १९७५मध्ये नोंदणीही बंद झाली. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर १९८०मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ती पुन्हा सुरू केली. तेव्हापासून यादी तयार होते आहे, पण तिच्यावरून एकालाही सैन्यात बोलावलेले नाही. बोलवायचे झाले तर आधी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, कायदा करावा लागेल, मग जन्मतारखांची सोडत निघेल, त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि सवलतींचे अर्ज. ज्याला धर्मामुळे वा विवेकामुळे शस्त्र धरायचे नाही, त्याला ते त्या वेळी मांडता येते. नोंदणीतून मात्र त्यालाही सुटका नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारे वाक्य ग्रीन कार्डाचे. अमेरिकेत राहणाऱ्या १८ ते २५ वयाच्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाला नोंदणी बंधनकारक आहे: नागरिक, ग्रीन कार्डधारक, अगदी कागदपत्रांविना राहणारेसुद्धा. सूट आहे ती एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (नोकरदाराचे कुटुंबीय) सारख्या वैध तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना, आणि तीही तो व्हिसा असेपर्यंतच. विसाव्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आले की सूट संपली. ग्रीन कार्डाच्या अर्जातून ही माहिती पुष्कळदा आपोआप पुढे जाते, पण गेली असेलच असे धरून बसू नका. सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येते.

नोंदणी न केल्याबद्दल कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. १९८६नंतर यासाठी कोणावर खटला झालेला नाही, हे खरे. पण खरा फटका वेगळीकडे बसतो. सव्वीस वर्षे पूर्ण झाली की नाव नोंदवताच येत नाही, आणि केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांची दारे बंद होऊ शकतात. नागरिकत्वाचा अर्ज करताना, विशेषतः २६ ते ३१ या वयात, 'मी जाणूनबुजून टाळले नाही' हे त्या मुलालाच पटवून द्यावे लागते. आता विचार करा: घरी पत्र आले होते आणि वडीलधाऱ्यांनी ते बाजूला ठेवायला सांगितले होते. तो कोणत्या तोंडाने सांगणार की मला माहीत नव्हते? या संदेशावर माझा खरा राग आहे तो इथे. सल्ला देणारा नामानिराळा राहतो, भोगायचे त्या पोराने.

एकुलत्या एका मुलाला सूट नाही. सवलत आहे ती ज्या घरातले आई, वडील किंवा भावंड सैन्यसेवेत मृत्यू पावले अशांसाठी, आणि तीही बोलावण्यापुरती. नाव त्यालाही नोंदवावेच लागते. मुलींना नोंदणी लागू नाही. हा भेद १९८१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला.

डिसेंबर २०२५मध्ये मंजूर झालेल्या संरक्षण कायद्यात सरकारने स्वतःच ही नोंदणी करण्याची तरतूद आली आहे. पण ज्यांचा सव्विसावा वाढदिवस तोंडावर आला आहे, त्यांनी तिच्यावर विसंबून राहू नये, आजच तपासावे. आणि ज्यांची मुदत टळली आहे, त्यांनी सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून आपल्या नोंदणीच्या स्थितीचे पत्र मागवावे, नोंदणी का राहिली ते खरे-खरे लिहून काढावे आणि नागरिकत्वाचा अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला ही दोन्ही कागदे दाखवावीत.