पिल्लू आजारी नव्हतं ताई, उपाशी होतं

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू वाचला. लेकरांनी हौसेनं नेलेलं चिवावाचं, म्हणजे इवल्याशा जातीच्या कुत्र्याचं, पिल्लू दुसऱ्याच दिवशी सलाईनवर ठेवावं लागलं, याचं आम्हालाही फार वाईट वाटलं. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो.

पण "दारव्ह्याच्या या दुकानदारानं आजारी पिल्लू गळ्यात मारलं" असं जे लिहिलं, ते तसंच सोडता येत नाही. तालुक्याच्या गावात आमच्यासारख्याचं दुकान नावावर चालतं. इथं येणारे कास्तकार वावराच्या राखणीसाठी जर्मन शेफर्ड विचारतात. चिवावा घेणारं गिऱ्हाईक एखादंच, आणि ते आधी मोबाईलवर आमचे स्टार बघूनच येतं.

तुम्हीच लिहिलं आहे, "संध्याकाळी सातला दूध-भाकर दिली, त्यानं तोंड लावलं नाही. सकाळी सहाला बघतो तर लुळं पडलेलं." सात ते सहा म्हणजे अकरा तास. सातला तर त्यानं खाल्लंच नाही. म्हणजे शेवटचा घास पोटात गेला तो आमच्या दुकानात, दुपारी दोनला, पिल्लू न्यायला आलेल्या तुमच्या भाऊंच्या समोर. दुपारी दोन ते सकाळी सहा, सोळा तास झाले ताई! पिल्लू होतं साडेसहाशे ग्रॅमचं. अहो, पूर्ण वाढलेला चिवावाच पावणेतीन किलोच्या आत असतो. एवढ्याशा जिवाच्या अंगावर चरबी नाही, यकृतात साखरेचा साठा उलीसा. बराच वेळ पोटात काही गेलं नाही की रक्तातली साखर उतरते. आधी मलूल होतं, मग चालताना झोकांड्या खातं, आणि तरीही काही मिळालं नाही तर फिट येते नाहीतर बेशुद्ध पडतं. डॉक्टरांनी ग्लुकोज लावलं आणि ते तासाभरात उभं राहिलं, हेही तुमच्याच रिव्ह्यूत आहे. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा आजार, असता तर उलट्या आणि रक्ताची हगवण लागली असती, आणि बाराशे रुपयांत एका दिवसात सुटका झाली नसती.

पिल्लू देताना आम्ही कागद देतो. दिवसातून चार-पाच वेळा कोमट पाण्यात भिजवलेलं पपी फूड, झोपायच्या आधी एकदा, सुरुवातीचे काही दिवस मध्यरात्री उठून एकदा, हे सगळं त्यावर आहे. गाई-म्हशीचं दूध देऊ नका, जुलाब लागतात, हेही आहे. भाऊंनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. फूडची पिशवी "घरी भाकर आहेच" म्हणून परत ठेवली. मी आग्रह केला नाही. आग्रह केला की दुकानदार माल खपवतो म्हणतात, नाही केला की हे असं.

"डोक्याला खड्डा आहे, कवटी कच्ची आहे" हेही वाचलं. चिवावाच्या बऱ्याच पिल्लांची टाळू मऊ असते. काहींची वाढत्या वयात भरते, काहींची जन्मभर तशीच राहते. लपवायचं असतं तर मी दुकानात बोट लावून दाखवली नसती. तिथे मार लागू देऊ नका, एवढंच सांगितलं होतं. आजींनी ती टाळू तेलानं भरली, असं भाऊ फोनवर म्हणाले. आजींची माया कळते. पण डिसेंबरची रात्र, तुमच्या गावापर्यंत, नेरपर्यंत, फटफटीवरचा वारा, तेलानं ओलं डोकं आणि झोपायला फरशी! अंग गरम ठेवायलाच त्याची उरलीसुरली साखर गेली असणार.

वयाबद्दल विचाराल तर 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तुमचं नऊ पूर्ण केलेलं होतं, लसीच्या कार्डावर तारीख आहे.

आणि एक गोष्ट मनाला लागली. सकाळी भाऊंचा फोन आला तेव्हा दुकान उघडलंही नव्हतं. साखरेचं घट्ट पाणी बोटानं हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, नाहीतर फुप्फुसात जाईल, गरम कपड्यात गुंडाळून दवाखाना गाठा, हे मीच सांगितलं. भाऊंनी तसंच केलं. ते मात्र रिव्ह्यूत कुठंच नाही.

असो. कागदावरची अक्षरं मोठी करून घेऊ, पिल्लू गेल्यावर फोन करून विचारतही जाऊ, जमेल तसं. फूडची एक छोटी पिशवी तुमच्यासाठी बाजूला ठेवली आहे, पैसे नकोत, भाऊ इकडे आले की घेऊन जातील.

फोटोत पिल्लाच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा दिसला. छान दिसतो, पण या जातीची श्वासनलिका नाजूक असते, दोरी छातीच्या पट्ट्यालाच लावा. लसीचा दुसरा डोस कार्डावरच्या तारखेला द्या, तोवर गल्लीतल्या कुत्र्यांत सोडू नका. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर.

तुम्ही दिलेला एक स्टार राहू द्या, तो तुमचा हक्क आहे. "आजारी पिल्लू" ही ओळ तेवढी काढावी, ही विनंती.