डब्यावरचं जर्दाळू

चांगल्या चहाच्या डब्यावर चहाचं वर्णन नसतं, फळबाजाराचं असतं. जर्दाळू, पीच, पिकलं द्राक्ष, रानमध, ऑर्किडचं फूल आणि पावसात भिजलेला दगड. झाकण उघडलं की आत काळपट, वळलेल्या, वाळक्या काड्या. बरं, वरून काही घातलेलंही नसतं. डब्याचं म्हणणं असं की जर्दाळू पानातच आहे, शोधायचं काम तुमचं. सापडलं नाही तर दोष तुमच्या जिभेचा.

या खटल्यात मी जिभेचं वकीलपत्र घेतो. कारण बहुतेक वेळा जर्दाळू जिभेवर पोहोचण्याच्या आधीच, चमच्यात हरवलेलं असतं.

'एका कपाला एक चमचा' हा नियम ज्याने कुणी काढला, त्याच्या घरी एकच चहा असणार. बाई मुदान नावाचा पांढरा चहा घ्या. पानं मोठी, फुगीर, एकमेकांना न चिकटणारी. चमचा शिगोशीग भरला तरी जेमतेम 1 ग्रॅम. गोळ्या वळलेला ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्याच्या मधला चहा, त्याच चमच्यात 4 ग्रॅमच्या घरात जातो. तुकड्यांचा काळा चहा मध्ये कुठेतरी, दोन-अडीच ग्रॅम. तिघांना चमच्याने मोजून तुलना करणं म्हणजे एका पैलवानाला उपाशी ठेवायचं, दुसऱ्याला पंगतीत बसवायचं आणि मग कुस्ती लावायची. पांढरा चहा 'पाणचट' ठरतो, ऊलाँग 'फारच उग्र' ठरतो आणि निकाल वहीत कायमचा लागतो.

म्हणून काटा हवा, आणि तोही 0.1 ग्रॅम दाखवणारा. स्वयंपाकघरातला साधा काटा एकेक ग्रॅमने उडी मारतो. तो 3 म्हणतो तेव्हा अडीचपासून साडेतीनपर्यंत काहीही असू शकतं. बारीक काटा नसेल तर एक सोपा जुगाड आहे: 15 ग्रॅम एकदम तोलायचे आणि कागदावर डोळ्यांच्या अंदाजाने पाच सारखे ढीग करायचे. माणसाचा डोळा वजनात फसतो, ढिगांच्या वाटणीत सहसा फसत नाही. (भावंडांत वाढलेल्यांना हे पटेल.)

एवढ्या काटेकोरपणाला कुणी हसलं तर त्यांना आयएसओ 3103 दाखवावं. चहाची चव तपासण्यासाठी तो कसा करावा, याचं हे आंतरराष्ट्रीय मानक 1980 साली निघालं. 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम चहा, ताजं उकळतं पाणी, 6 मिनिटं झाकण. भांडं पांढऱ्या चिनी मातीचं किंवा चकाकी दिलेल्या मातीचं, आणि त्याच्या काठाला दाते, म्हणजे झाकण धरून आडवं केलं की दातांतून चहा गळतो आणि पानं आत राहतात. याच विषयावरच्या ब्रिटिश मानकाला, बीएस 6008 ला, 1999 साली साहित्याचं इग नोबेल, म्हणजे नोबेलची थट्टा करणारं पारितोषिक, मिळालं. सहा पानांचं होतं ते. पानं कागदाची. दूध आधी की चहा आधी या वादातही मानक पडतं. दोन्ही चालेल म्हणतं, पण दूध नंतर घालणार असाल तर चाखताना चहा 65 ते 80 अंशांच्या मध्ये असावा. समित्या वाद मिटवत नाहीत, त्याला तापमान देतात.

ही 6 मिनिटं मात्र पिण्यासाठी नव्हेत. ती चहाची उलटतपासणी आहे. लपवलेला करपटपणा, साठवणीतला कुबटपणा, सगळं बाहेर यावं म्हणून त्याला एवढा वेळ पाण्यात बसवतात. घरी 150 मिलिलिटरला 3 ग्रॅम आणि 3 मिनिटं पुरतात. महत्त्वाचं एवढंच की सगळ्यांना सारखीच शिक्षा हवी. आणि इथे हमखास घोळ होतो. पाच कपांत ओळीने पाणी ओतायला मिनिटभर जातं. मग घड्याळ वाजलं की माणूस हाताशी असलेला, म्हणजे शेवटचा कप आधी गाळतो. पहिल्या कपाला चार मिनिटं झालेली असतात, पाचव्याला दोन. ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने ओतलं, त्याच क्रमाने आणि वेगाने गाळायचं, एवढंच. पण पाचवा कप नेहमीच जवळचा वाटतो.

पानांना जागाही द्यायला हवी. साखळीला लटकणारी ती जाळीची गोळी दिसायला गोंडस असते, पण वळलेला ऊलाँग भिजला की कित्येक पट फुगतो. गोळीत तो गर्दीच्या डब्यातल्या प्रवाशासारखा दबून बसतो आणि मधल्या पानांपर्यंत पाणी पोहोचतच नाही. त्यापेक्षा कपाच्या तळापर्यंत जाणारी रुंद जाळी बरी.

पाण्याबद्दल थोडक्यात. हिरव्या चहाला 70 ते 80 अंश, जपानी ग्योकुरोला आणखी खाली, 50-60, ऊलाँगला 85 ते 95, काळ्याला उकळतं. कारण असं की गोडसर, रसाळ चव देणारं थिअनिन कोमट पाण्यातही उतरतं, पण कडू-तुरट कॅटेचिनं गरम पाण्यात झपाट्याने बाहेर पडतात. उकळत्या पाण्यातला हिरवा चहा कडू झाला तर चहाला नावं ठेवू नयेत. चटका बसल्यावर कुणीही तसंच बोलेल. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात ओतावं. दर ओतण्याला साधारण 8-10 अंश उतरतात. उंचीचाही हिशेब असतो. दार्जिलिंग शहर समुद्रसपाटीपासून 2,000 मीटरच्या वर आहे, तिथे पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे ज्या चहाला आपण '100 अंशच हवेत' म्हणून छळतो, त्याच्या गावी तेवढं तापमान साध्या किटलीत मिळतच नाही.

आता भुरका.

जीभ मोजून पाच चवी ओळखते, आणि त्यांत जर्दाळू नाही. जर्दाळू हा वास आहे, आणि तो घशाच्या मागून नाकात चढतो. त्यासाठी चहाचे तुषार व्हावे लागतात. म्हणून चमचाभर चहा ओठांशी धरून, दात किंचित विलग करून, हवेसकट जोरात आत ओढायचा. आवाज झाला पाहिजे. शेजारच्या खोलीतून कुणी 'काय झालं?' विचारलं, तर भुरका बरोबर जमला. मग तोंडात एकदा फिरवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. थुंकणं जिवावर येतं, पण काळ्या चहाच्या कपात ढोबळमानाने 40 मिलिग्रॅम कॅफीन असतं. दहा नमुने गिळले तर रात्री छताचाही सविस्तर आढावा घेता येतो. चहा कढत असताना भुरका मारू नये. भाजलेली जीभ पुढच्या सगळ्या कपांना एकच शेरा देते. कप निवत जातो तसे गुणही उघडे पडतात आणि दोषही.

चाखण्याइतकंच हुंगणं महत्त्वाचं. गाळल्यावर उरलेला चोथा झाकणाखाली अर्धा मिनिट ठेवायचा आणि झाकण उचलून नाक खुपसायचं. चहा जेवढं सांगतो त्याहून जास्त चोथा सांगतो. सगळी पानं एका रंगाची आहेत की हिरवी-तपकिरी सरमिसळ आहे, अख्खी आहेत की चुरा, हे तिथेच कळतं. अर्थात दार्जिलिंगच्या पहिल्या बहरात, म्हणजे वर्षाच्या पहिल्या तोडणीत, हिरवट पानं दिसली तर ती चूक नव्हे, तो चहा असाच करतात.

आणि शेरे लिहिताना कृपा करून डब्यावरचे शब्द उतरवू नयेत. मुळात आपल्याला गरजच नाही. तुरट हा आपल्या षड्रसांतला मानकरी. खरं तर ती चव नसून स्पर्श आहे, चहातली द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि जीभ कोरडी, खरखरीत होते; पण शब्द तयार आहे. वासाला तर शब्दांची रांग लागते. भाजलेला ऊलाँग खरपूस. भट्टीत जास्त राहिला तर करपट. दमट कपाटातला कुबट. पाइनच्या धुरावर वाळवलेला लापसांग सूचाँग धुरकट, आणि पहिल्यांदा डबा उघडणाऱ्यासाठी थेट दर्प. असे शब्द असताना 'भिजलेला दगड' कशाला चाटायचा?

डब्यावरची अक्षरंही अशीच घाबरवतात. एफटीजीएफओपी म्हणजे फाइनेस्ट टिपी गोल्डन फ्लॉवरी ऑरेंज पिको. यात ऑरेंज आहे, संत्रं नाही. फ्लॉवरी आहे, फूल नाही. ही प्रतवारी पानाच्या आकाराची आणि कोवळ्या अंकुरांची, चवीची नव्हे. धंद्यातले लोकच या अक्षरांचा 'फार टू गुड फॉर ऑर्डिनरी पीपल' असा विस्तार करून हसतात. उलट ज्या गोष्टीने खरंच चव येते ती डब्यावर क्वचितच छापतात. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहरातला तो प्रसिद्ध द्राक्षासारखा सुगंध, मस्कटेल, बऱ्याच अंशी तुडतुड्यांची देणगी आहे. किडा पान शोषतो, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि आपण कप उचलून 'वा!' म्हणतो. तैवानातला 'ओरिएंटल ब्यूटी' ऊलाँगही याच किड्यांच्या भाऊबंदांवर जगतो. त्याचं तिथलं एक नाव 'फुशारकीचा चहा' असं आहे. प्रामाणिक डबा म्हणावा तर हा.

आता स्वाद घातलेले चहा, म्हणजे स्वतंत्र संसार. त्यांत एक खानदानी शाखा आहे. जॅस्मिनचा, म्हणजे मोगऱ्याचा चहा करताना संध्याकाळी उमलणाऱ्या कळ्या रात्रभर पानांत मिसळून ठेवतात, सकाळी वेचून काढतात, पानं पुन्हा वाळवतात आणि चांगल्या प्रतीत हेच पाच-सात रात्री चालतं. फुलांनी काम संपवून निघून जायचं असतं. म्हणून डब्यात पाकळ्या भरपूर दिसल्या की खूश होऊ नये. सुकलेल्या पाकळीत द्यायला काही उरलेलं नसतं. निळ्या कॉर्नफ्लॉवरच्या पाकळ्यांना तर मुळात चवच नाही. त्या फोटोसाठी असतात.

अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल असतं. ते फळ मुख्यतः इटलीच्या कालाब्रियात पिकतं. दोन अर्ल ग्रे चाखताना लोक तेलाची तुलना करतात आणि वाटतं चहाची करतोय. यावर उपाय म्हणजे कप पूर्ण थंड होऊ द्यायचा. तेलाचा पहिला जोर ओसरतो आणि खालचा चहा उघडा पडतो. कधी कधी तो खरंच उघडा पडतो.

फळांच्या मिश्रणात दोन खोड्या. पहिली: बारीक, जड तुकडे डब्याच्या तळाशी बसतात. वरून घेतलेला कप नुसता पाकळ्यांचा, महिन्याभराने तळातला कप नुसता अंबाडीच्या भावंडाचा, म्हणजे हिबिस्कसचा, लालभडक आणि दात आंबवणारा. तोलण्याआधी डबा आडवा धरून सावकाश गोल फिरवायचा. जोरात हलवला तर बारीक माल आणखी खाली जातो. दुसरी खोडी वेळेची. फळाच्या तुकड्यांना उकळतं पाणी आणि 8-10 मिनिटं लागतात, हिरव्या चहाला 75 अंश आणि दोन मिनिटं. दोघांना एकाच पुडीत घालणं म्हणजे बैल आणि घोडा एका जुवाला. एकजण कच्चा राहतो किंवा दुसरा कडू होतो. हिबिस्कसच्या कपात दूध घालू नये. आम्लाने ते फाटतं, आणि त्यासाठी आयएसओने तापमान दिलेलं नाही.

'साखर नाही' असं लिहिलेलं मिश्रण गोड लागलं तर घटकांत ज्येष्ठमध शोधावं. तो गोडवा घशाशी रेंगाळतो आणि पुढचे दोन चहा गोड करून जातो. म्हणून चाखण्याचा क्रम: पांढरा, हिरवा, ऊलाँग, काळा, मग स्वादाचे, ज्येष्ठमध त्यानंतर, आणि सगळ्यांत शेवटी पुदिना व धुरकट मंडळी. यांतलं कुणी आधी आलं तर बैठक तिथेच संपली. कपाटातही यांना वेगळं ठेवावं. चहाचं पान शेजाऱ्याचा वास पटकन उचलतं.

एवढं सगळं नीट केल्यावर शेवटची परीक्षा, आणि ती चहाची नाही. तीन सारखे कप घ्या, तळाला चिठ्ठ्या चिकटवा, दोनांत एक चहा आणि तिसऱ्यात दुसरा. कुणाला तरी कपांची अदलाबदल करायला सांगा आणि वेगळा कोणता ते ओळखा. तुक्क्याने तिनांतून एकदा बरोबर येतंच, म्हणून सहा वेळा करा. सहाही वेळा नुसत्या नशिबाने जमण्याची शक्यता 729 त एक. वहीत ज्या दोन चहांबद्दल 'जमीन-अस्मानाचा फरक' असा शेरा असतो, ते इथे हमखास जुळे निघतात. एकत्र चाखत असाल तर शेरे आधी लिहून मग बोलायचं. एकाने 'जर्दाळू' म्हटलं की पुढच्या दहा सेकंदांत सगळ्यांना जर्दाळू लागतं, आणि कपात साधं गरम पाणी असलेल्यालाही अंधूकसं जाणवतं.

तरीही जर्दाळू हवंच असेल, तर एक जागा राहिली. कप रिकामा करा, विसळू नका, गार होऊ द्या आणि मग हुंगा. पाण्याची वाफ गेली की भांड्याला चिकटलेला जड, गोडसर वास मागे राहतो. तैवानमध्ये याच कामासाठी उंच, अरुंद असा वेगळा कपच असतो. चहा संपलाय, काटा बंद झालाय, वही मिटलीय, आणि माणूस रिकाम्या कपात नाक घालून उभा आहे. 'पिकलेलं आहे का काहीतरी?' असं तो स्वतःशीच पुटपुटतो. तेवढ्यात कुणीतरी तो कप धुवायला घेऊन जातं.