वायट अर्पने ‘एकेकाला संपवलं’ नव्हतं

‘टूमस्टोन’ या 1993 च्या वेस्टर्नचा विषय चित्रपटवेड्यांच्या कुठल्याही गटात निघाला की त्याच्यामागोमाग एक मजकूर हमखास येतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सांगाडा तोच. ही शंभर टक्के सत्यकथा आहे. निवृत्त मार्शल वायट अर्प भावांसोबत चार पैसे कमवायला अ‍ॅरिझोनात आला होता, त्याला बंदुकीचं नावही नको होतं. ‘काउबॉय’ नावाच्या लाल पट्टेवाल्या टोळीने एकाच रात्री त्याच्या एका भावाला लुळं केलं आणि दुसऱ्याला मारलं. मग त्याने छातीवर सरकारी बिल्ला लावला, कायद्याच्या अधिकारात टोळीतल्या एकेकाला हुडकून संपवलं आणि त्या मुलखात शांतता नांदू लागली. खाली बहुधा पुस्ती असते: ‘असा पोलीस आपल्याकडे हवा.’

चित्रपट मलाही आवडतो. वॅल किल्मरने रंगवलेल्या डॉक हॉलिडेसाठी, म्हणजे वायटच्या जुगारी मित्रासाठी, तो पुन्हा बघायची माझी कधीही तयारी असते. पण सत्यकथेचा शिक्का मारायचा तर मूळ कागद बघायला हवेत, आणि या प्रकरणात कागद भरपूर आहेत: न्यायालयातल्या साक्षी, पंचनामे, गावातली एकमेकांच्या उरावर बसलेली दोन वृत्तपत्रं. (कमरेच्या लाल पट्ट्यांचा मात्र त्या काळच्या नोंदींत मागमूस नाही. ती चित्रपटाची करामत.)

पहिला दावा निवृत्तीचा. अर्प भाऊ 1 डिसेंबर 1879 ला अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन या गावी पोहोचले. वायटपेक्षा मोठा व्हर्जिल तिथे पाय ठेवण्याआधीच डेप्युटी यू.एस. मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी, म्हणून नेमला गेला होता. आणि वायट? पुढच्याच जुलैत तो पिमा काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, डेप्युटी शेरीफ झाला. 1881 च्या सुरुवातीला पिमा तोडून नवी कोचीस काउंटी केली, तेव्हा तिच्या शेरीफपदावर त्याचा डोळा होता. हे पद नुसतं मानाचं नव्हतं. शेरीफच कर गोळा करी आणि त्यातला दहावा हिस्सा स्वतःकडे ठेवी. चांदीच्या खाणींच्या गावात ही रक्कम किती होत असेल ते सांगायला नको. पद मिळालं जॉनी बिहानला. आपण माघार घेतली तर बिहान आपल्याला हाताखाली घेणार होता, मग त्याने शब्द फिरवला, असं वायटचं म्हणणं.

इथून पुढचा भाग चित्रपटाने जवळजवळ गाळलाच आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. 15 मार्च 1881 च्या रात्री टूमस्टोनहून निघालेल्या स्टेजकोचवर हल्ला झाला. गाडीवान बड फिलपॉट आणि एक प्रवासी मारले गेले. संशय लेनर्ड, हेड आणि क्रेन या तिघांवर आला आणि वेल्स फार्गो कंपनीने प्रत्येकामागे 1,200 डॉलर बक्षीस लावलं. पुढची शेरीफपदाची निवडणूक जिंकायची तर वायटला हे तिघे हवे होते. मग त्याने गाठलं कोणाला, तर ज्या काउबॉयांचा तो जन्माचा वैरी म्हणून आज मिरवला जातो त्यांच्यातल्याच आइक क्लँटनला. सौदा साधा होता: तू तिघांना माझ्या हाती दे, बक्षिसाचे 3,600 डॉलर तुझे, पकडल्याचं नाव माझं. ही कुजबुज नव्हे, वायटने स्वतः नोव्हेंबर 1881 मध्ये न्यायाधीशांपुढे दिलेली जबानी आहे.

सौदा फिसकटला, कारण लेनर्ड आणि हेड जूनमध्ये न्यू मेक्सिकोत दुसऱ्याच कोणाच्या गोळीने मेले. उरली ती आइकची भीती. आपण सोबत्यांना विकायला निघालो होतो हे फुटलं तर तेच आपल्याला जिवंत ठेवणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वायटने ही गोष्ट हॉलिडेला सांगितली असा त्याला संशय होता. 25 ऑक्टोबरच्या रात्री आइक आणि हॉलिडे यांची जी जुंपली ती याच संशयावरून, आणि दुसऱ्या दुपारी ओ.के. कोराल या घोड्यांच्या तळाच्या नावाने ओळखली जाणारी ती प्रसिद्ध चकमक झाली. म्हणजे ठिणगी पडली ती एका पोलिसाच्या आणि एका गुन्हेगाराच्या फसलेल्या गुप्त व्यवहारातून. कायद्याशी तिचा संबंध आला तो नंतर.

मजकुरात काउबॉयांचा म्होरक्या कर्ली बिल ब्रोशस याच्याबद्दल एक ओळ असते: अफूच्या नशेत त्याने गावचा मार्शल फ्रेड व्हाइट याला थंडपणे मारलं. चित्रपटात तसंच दिसतं. प्रत्यक्षात 28 ऑक्टोबर 1880 च्या रात्री व्हाइटने कर्ली बिलचं पिस्तूल नळीला धरून ओढलं आणि ते उडालं. व्हाइट त्यानंतर दोन दिवस जगला आणि मरण्याआधी त्याने हा अपघात असल्याचं सांगितलं. कर्ली बिल निर्दोष सुटला. सुटण्याला हातभार लावणाऱ्या साक्षींत एक साक्ष वायट अर्पची होती! घोडा अर्धवट मागे ओढलेला असतानाही ते पिस्तूल उडू शकतं, असं त्याने सांगितलं. सतरा महिन्यांनी ज्याला मारल्याचा दावा वायट करणार होता, त्याच्या बाजूची ही साक्ष पडद्यावर दाखवली असती तर खलनायकाचं सगळं गणितच बिघडलं असतं.

चकमकीबद्दल थोडक्यात. ती ओ.के. कोरालमध्ये झालीच नाही. ती झाली फ्रीमाँट स्ट्रीटला लागून, सी. एस. फ्लाय याच्या फोटो स्टुडिओशेजारच्या अरुंद मोकळ्या जागेत. साधारण तीस सेकंदांत साधारण तीस गोळ्या सुटल्या आणि काउबॉयांपैकी आइकचा भाऊ बिली क्लँटन, टॉम आणि फ्रँक मॅकलॉरी हे तिघे मेले. पुढाकार व्हर्जिलचा होता, कारण गावचा पोलीसप्रमुख तो. गावात हत्यार बाळगायला बंदी होती, ती मोडणाऱ्यांची हत्यारं काढून घ्यायला तो निघाला होता. महिनाभर सुनावणी चालली आणि न्यायाधीश वेल्स स्पायसर यांनी अर्प आणि हॉलिडे यांना सोडलं. मात्र ज्यांचं आधीच वैर होतं अशा वायटला आणि हॉलिडेला मदतीला घेतल्याबद्दल त्यांनी व्हर्जिलला कडक शब्दांत सुनावलं. टॉमकडे पिस्तूल होतं की नव्हतं, यावर अभ्यासक आजही भांडतात.

‘एकाच रात्री दोन भाऊ’ हा दावा सगळ्यात सहज खोडता येतो आणि खोडायलाही तोच सगळ्यात गरजेचा आहे. व्हर्जिलवर हल्ला झाला 28 डिसेंबर 1881 ला. रात्री रस्ता ओलांडताना त्याच्यावर छर्‍याच्या बंदुकीचे बार झाले आणि डावा हात कायमचा निकामी झाला. मॉर्गन मारला गेला 18 मार्च 1882 ला, बिलियर्ड खेळताना, मागच्या काचेच्या दारातून आलेल्या गोळीने. मधे जवळपास तीन महिने आहेत. चित्रपटाने ते एका वादळी रात्रीत कोंबले, कारण पडद्यावर सूड तापलेला लागतो.

त्या तीन महिन्यांत वायट हात बांधून बसला नव्हता, आणि पिसाळलाही नव्हता. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने यू.एस. मार्शल क्रॉली डेक यांना तार करून नेमणूक मागितली, ती मिळवली, आणि वॉरंट घेऊन तो माणसं शोधत फिरला. व्हर्जिलवर जिथून गोळ्या आल्या तिथे आइक क्लँटनची टोपी सापडली होती. आइकवर खटला चालला. त्या रात्री तो चार्ल्सटनला होता असं सांगणारे साक्षीदार उभे राहिले आणि तो सुटला. मजकूर लिहिणारे म्हणतात की कायदा झोपला होता. झोपला नव्हता. तो जागा होता आणि साक्षीदारांपुढे हतबल होता, ही वेगळी गोष्ट आहे आणि जास्त अस्वस्थ करणारी आहे.

मॉर्गनच्या खुनातही तेच. चौकशीत पीट स्पेन्सची बायको मारिएता दुआर्ते हिने धीर करून नवऱ्याविरुद्ध आणि त्याच्या साथीदारांविरुद्ध जबानी दिली. नवरा काय बोलला, रात्री कधी आला, कोण कोण सोबत होते, सगळं. एप्रिलच्या सुरुवातीला प्रकरण न्यायाधीशांपुढे आलं तेव्हा बचाव पक्षाने दोन हरकती घेतल्या: ही ऐकीव माहिती आहे, आणि बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नाही. स्पेन्स सुटला. वायटबद्दल सहानुभूती वाटायला लावणारी खरी गोष्ट कुठली म्हणाल, तर ही. आणि हीच चित्रपटात नाही.

आता बिल्ल्याचा दावा. वायट डेप्युटी यू.एस. मार्शल होता, हे खरं. पण फेडरल बिल्ला म्हणजे कोणालाही गोळी घालण्याचा परवाना नव्हता. मॉर्गनचा खून हा स्थानिक गुन्हा, म्हणजे काउंटीच्या शेरीफच्या अखत्यारीतला. 20 मार्चच्या रात्री जखमी व्हर्जिलला कॅलिफोर्नियाच्या गाडीत बसवून देताना टुसॉनच्या रेल्वे यार्डात वायटच्या टोळक्याला मॉर्गनच्या खुनातला एक संशयित फ्रँक स्टिलवेल सापडला. सकाळी रुळांजवळ त्याचं चाळण झालेलं प्रेत मिळालं. त्याला अटक करण्याचा कोणी प्रयत्न केल्याची खूण नाही. टुसॉनहून पाच जणांवर खुनाची वॉरंट निघाली: वायट, त्याचा धाकटा भाऊ वॉरन, हॉलिडे आणि सोबती मॅकमास्टर आणि जॉन्सन. दोनच दिवसांनी ड्रगून डोंगरातल्या स्पेन्सच्या लाकूडतळावर दुसरा संशयित फ्लोरेंटिनो क्रूझ याला गोळ्या घातल्या गेल्या. ज्या स्पेन्सला शोधत हे तिथे गेले, तो तोवर स्वतःहून शेरीफच्या ताब्यात जाऊन सुरक्षित बसला होता. म्हणजे ‘सूडाची स्वारी’ म्हणून गाजलेल्या त्या आठवड्यात वायट पाठलाग करणारा होता तसा फरारीही होता.

त्याच्यामागे लागलेल्यांचीही आरती ओवाळायचं कारण नाही. बिहानने अर्पना धरायला जे पथक जमवलं त्यात जॉनी रिंगो आणि आइकचा भाऊ फिन क्लँटन होते, म्हणजे चक्क काउबॉयच. आणि टुसॉनला मेलेला स्टिलवेल हा एके काळी बिहानचाच डेप्युटी. शेरीफचा बिल्ला लावलेला हा गृहस्थ सप्टेंबर 1881 मध्ये स्टेजकोच लुटल्याच्या आरोपाखाली पकडला गेला होता. इकडे कायदा आणि तिकडे टोळी अशी रेघ कोचीस काउंटीत ओढायला गेलं की ती दोन्हीकडून पुसली जाते.

‘एकेकाला संपवलं’ याचा हिशेब आता करता येईल. स्टिलवेल आणि क्रूझ नक्की. 24 मार्चला आयर्न स्प्रिंग्जच्या पाणवठ्यावर कर्ली बिल मेला, असं वायट शेवटपर्यंत सांगत राहिला. अनेक इतिहासकार ते मानतात, पण प्रेत कोणी दाखवलं नाही. गावातल्या दोन वृत्तपत्रांनी यावरून परस्परविरोधी बक्षिसं लावली, एकाने तो मेल्याच्या पुराव्यासाठी, दुसऱ्याने तो जिवंत हजर झाला तर. दोन्ही तशीच पडून राहिली. पडद्यावर वायट गोळ्यांच्या पावसात ओरडत पाण्यात चालत जातो. त्याच्या स्वतःच्या आठवणीप्रमाणे, एक बार काढल्यावर त्याला घोड्यावर चढून मागे फिरायचं होतं आणि सैल केलेला काडतुसांचा पट्टा मांड्यांवर घसरल्यामुळे पायच उचलेना. बाकीचे सोबती तोवर मागे हटले होते. मला तरी हा प्रसंग पडद्यावरच्यापेक्षा जास्त थरारक वाटतो.

रिंगो? त्याचं प्रेत जुलै 1882 च्या मध्याला चिरिकाहुआ डोंगरांजवळ झाडाला टेकून बसलेलं सापडलं. गोळी कानशिलात होती, बूट गायब होते, पायांना कापड गुंडाळलेलं होतं. पंचांनी आत्महत्या ठरवली. पडद्यावर त्याला मारणारा हॉलिडे एप्रिलपासून कोलोरॅडोत होता आणि मेमध्ये तिथे पकडलाही गेला होता. राज्यपाल फ्रेडरिक पिटकिन यांनी त्याला अ‍ॅरिझोनाच्या हवाली करायला नकार दिला. आणि ज्याच्यापासून सगळं सुरू झालं तो आइक क्लँटन वायटच्या हाती कधीच लागला नाही. 1887 मध्ये जनावरांच्या चोरीच्या प्रकरणात जोनास ब्रायटन नावाच्या डिटेक्टिव्हने त्याला मारलं. क्लँटनांचा बाप तर चकमकीच्याही आधी, ऑगस्ट 1881 मध्ये, सरहद्दीवरच्या ग्वादलूप खिंडीत मारला गेला होता. त्यात अर्पांचा हात नव्हता.

राहिली शांतता. वायट एप्रिल 1882 मध्ये अ‍ॅरिझोना सोडून गेला. 3 मे 1882 ला राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी जाहीरनामा काढून बजावलं की अ‍ॅरिझोनातल्या सशस्त्र टोळ्या पांगल्या नाहीत तर लष्कर वापरू. सगळे काउबॉय वायटने निकालात काढले असते, तर महिन्याभरात वॉशिंग्टनला ही धमकी द्यायची वेळ का यावी? काउंटीत वचक बसवण्याचं श्रेय बरेच जण 1887 पासून शेरीफ असलेल्या जॉन स्लॉटरला देतात. तोवर टूमस्टोनच्या खाणींत पाणी भरलं होतं, उपसा करणारा मोठा पंप 1886 मध्ये जळाला होता आणि लुटण्यासारखं फार काही उरलंही नव्हतं.

मग एकट्याने सगळे संपवल्याची कथा आली कुठून? बरीचशी स्टुअर्ट लेकच्या 1931 सालच्या चरित्रातून. वायट त्याआधी दोन वर्षं, 13 जानेवारी 1929 ला लॉस एंजेलिसमध्ये ऐंशी वर्षांचा होऊन वारला होता. म्हातारा फारसा बोलायचाच नाही, त्याच्या तोंडची वाक्यं आपण रचली, असं लेकने पुढे मान्य केलं. पडद्यावरच्या पुढच्या अनेक वायटांनी तीच उचलली. स्टिलवेलच्या खुनाबद्दलच्या त्या पाच वॉरंटांवर मात्र खटला कधीच उभा राहिला नाही.