खाणीतल्या भजनांचा तो फॉरवर्ड, आणि त्यात काय काय चुकलंय

मामेभावाने परत तोच फॉरवर्ड टाकला ग्रुपवर. म्हणे १६व्या शतकातले जर्मन खाणकामगार हातोड्याच्या ठेक्यावर देवाची गाणी म्हणायचे, ती चर्चने त्यांच्यावर लादलेली, आणि लिहिली कुणी ते कुणालाच माहीत नाही. सोबत त्या खाणकामगारांचा म्हणून एक फोटोही. खाली साडेतीनशे लाइक्स. आता बसून लिहितोच.

आधी ठेका. त्या काळातला साक्षीदार आहे ना, आग्रिकोला, योआखिमस्टाल या बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) खाणगावाचा डॉक्टर होता, खाणींवरचं त्याचं पुस्तक १५५६ मध्ये आलं. तो लिहितो की दिवस-रात्र मिळून तीन पाळ्या, एकेक सात तासांची, आणि रात्रीची पाळी अगदीच गरज असेल तरच लावायचे. मग दिव्याच्या उजेडात पाणी उपसताना नाहीतर खनिज फोडताना झोप लागू नये, काम जरा हलकं व्हावं म्हणून लोक गायचे, आणि गाणं अगदीच बेसूर नसायचं असंही वर सांगतो (बघा, तेव्हाही समीक्षक होतेच). ठेक्याचा विषयच नाही, झोपेचा आहे. काही ठिकाणी तर लागोपाठ दोन पाळ्या करायला बंदी होती, कारण माणूस खालीच झोपून जायचा. आणि ती गाणी देवाची होती असंही तो कुठे म्हणत नाही.

सगळी देवाचीच होती हे तर सोडाच. १५३१ मध्ये जर्मनीतल्या त्स्विकाऊ गावात 'बेर्गरायेन', म्हणजे खाणवाल्यांची गाणी, छापली गेली, त्याच्या नावातच लिहिलंय 'धार्मिक आणि ऐहिक'. म्हणजे प्रेमाबिमाची गाणीपण आलीच त्यात.

निनावी? काही असतील, पण निकोलाउस हेर्मान कोण मग? योआखिमस्टालच्या शाळेतला मास्तर आणि चर्चमधला गायक. तिथले पाद्री माथेसिउस, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे विद्यार्थी, त्यांचं प्रवचन रंगलं की हेर्मान त्याचं गाणं करायचा. चर्चचा हात नव्हता असं मी म्हणतच नाही, पण १५६० चं त्याचं पुस्तक छापलं ते पोरांसाठी आणि घरच्या कर्त्या माणसांसाठी, नावातच आहे तसं. ते घरात म्हणायचं, खाणीत कुणावर लादायला नाही. पुढे संगीतकार बाखने त्याची कडवी उचलली ती वेगळीच गोष्ट.

आणि फॉरवर्डमधला तो फोटो रे बाबा! १६व्या शतकात कॅमेरा कुठून आला, आणि त्यातल्या माणसांची तोंडं कोळशाने काळी आहेत, योआखिमस्टालला चांदी निघायची. तिथल्याच नाण्याला थालर म्हणायचे, ज्यावरून डॉलर आला.