मोरी बांधली, पाणी गेलं का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रस्ते-पुलांच्या कामांत पर्यावरण आणि पुनर्वसनाच्या अटींचं लेखापरीक्षण व्हायला हवं, असा लेख मी गेल्या आठवड्यात लिहिला. त्यावर 'एक निवृत्त अभियंता, कोल्हापूर' या नावाने आपण सविस्तर लिहिलंत. दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला बरं वाटेना, म्हणून हे वेगळं उत्तर.

आपलं म्हणणं थोडक्यात असं : हिशेब तपासणाऱ्यांना नदी कळत नाही, ते फाईलीत कागद आहे का एवढंच बघतात. त्यांच्या आक्षेपांनी कामं रखडतात, आणि पंचगंगेवरचा आपला पर्यायी शिवाजी पूल हा त्याचा धडधडीत पुरावा आहे. जनसुनावणीला लोक येतात ते नदीसाठी नव्हे, जादा मोबदल्यासाठी. शिवाय माझ्या लेखातली एक चूक आपण दाखवलीत.

आधी चुकीचं बघतो. 'महामार्गाचं रुंदीकरण पर्यावरण मंजुरीशिवाय होत नाही' असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. पर्यावरण मंजुरी कुणाला लागते हे ठरवणाऱ्या केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेत ऑगस्ट २०१३ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला ही मंजुरी लागते ती लांबी १०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल आणि सध्याच्या मार्गालगत ४० मीटरहून अधिक, तर नव्या वळणावर किंवा बाह्यवळणावर ६० मीटरहून अधिक जादा जागा घ्यायची असेल तेव्हाच. मूळ लेख मी दुरुस्त केला आहे. आपण सांगितलं नसतं तर ती चूक तशीच राहिली असती.

पण ही दुरुस्ती करताना माझी काळजी वाढली, कमी झाली नाही. पंचगंगेच्या पूरक्षेत्रातून जाणारा रस्त्याचा दोन किलोमीटरचा भराव पाणी अडवायला पुरेसा असतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं आणि तिथून नरसोबाच्या वाडीपर्यंत नदी सपाटीवरून, वळणं घेत, संथ जाते. पूर आला की ती पात्रात मावत नाही, शेतांवरून वाहते. त्या वाटेत आडवा भराव घातला तर त्याची लांबी १०० किलोमीटर आहे की दोन, याने पाण्याला काही फरक पडत नाही. नियमावर बोट ठेवून तपासणारा लेखापरीक्षक मात्र त्या रकान्यात 'लागू नाही' लिहील, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच असेल.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. २०१९ ला तर दूध, इंधन, औषधं घेऊन आलेल्या गाड्या अनेक दिवस अडकून पडल्या होत्या. भरावाऐवजी तिथे कमानी किंवा खांबांवरचा रस्ता करा, ही मागणी तेव्हापासून गावोगावी ऐकू येते. भरावाने पुराची पातळी नेमकी किती वाढते हे सांगायला जलशास्त्राचा अभ्यास लागतो, तो माझा प्रांत नाही. पण तो अभ्यास झाला का, कोणत्या वर्षीचा पूर धरून झाला, त्यातून पाणी जायला गाळे, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या जागा, किती ठरले आणि प्रत्यक्षात किती बांधले, हे प्रश्न विचारायला जलशास्त्रज्ञ असावं लागत नाही.

आता आपला मुख्य आक्षेप. हिशेबनिसाला नदी कळत नाही. खरं आहे. मी आयुष्यभर लेखापरीक्षणात होतो आणि हे मला एका मोरीने, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला ठेवलेल्या वाटेने, शिकवलं.

२००५ च्या पुरानंतर काही वर्षांनी करवीर तालुक्यातल्या एका रस्त्याच्या कामाची तपासणी माझ्याकडे होती. आराखड्यात सहा मोऱ्या, मोजमाप वहीत सहा मोऱ्या, बिलात सहा मोऱ्या. जागेवर गेलो, मोजल्या, सहाच्या सहा उभ्या. काँक्रीटचे चाचणी अहवाल लावलेले. फाईल इतकी स्वच्छ होती की दुपारपर्यंत उरकून परत निघायचा विचार होता. तेवढ्यात बांधावर वैरण कापणारी एक म्हातारी म्हणाली, "मोरी हाय, पर पाणी तिकडं चढत न्हाई, सायेब." मला आधी कळेना. तिने खाली उतरून दाखवलं. मोरीचा तळ शेतातल्या ओघळीपेक्षा हातभर उंच होता. पावसाचं पाणी आधी उसात साचणार, हातभर चढणार, मग मोरीतून जायला लागणार. पूर्वी दोन दिवसांत निचरा व्हायचा, आता दहा-बारा दिवस पाणी हलत नाही, ऊस मुळातून कुजतो, असं तिचं म्हणणं होतं. शेजारच्या तिघांनी तेच सांगितलं.

मी आक्षेप लिहिला. वरिष्ठांनी विचारलं, यात शासनाचं नुकसान किती रुपयांचं? मला आकडा देता आला नाही. काम आराखड्याप्रमाणे होतं, पैसे मोजमापाप्रमाणे दिले होते. अहवालातून तो परिच्छेद गळला. त्या बाईचा कुजलेला ऊस शासनाच्या कोणत्याच खात्यात बसत नव्हता. ही गोष्ट मी इतकी वर्षं कुठे लिहिली नव्हती.

तेव्हा आपण म्हणता ते अर्धं मला मान्य आहे. कागद बघून उठणारं लेखापरीक्षण निरुपयोगी आहे. पण त्यावर उपाय म्हणून तपासणीच नको म्हणायचं का? माझ्या मते तपासणीने कागदावरून उठून ओघळीत उतरलं पाहिजे. कामगिरी लेखापरीक्षणात तेच अपेक्षित असतं. मितव्यय आणि कार्यक्षमता यांच्यासोबत परिणामकारकताही बघायची, म्हणजे मोरी बांधली का एवढंच न विचारता तिच्यातून पाणी गेलं का हेही विचारायचं. त्यासाठी बाहेरचा तज्ज्ञ सोबत घ्यायला लेखापरीक्षणाचे निकष परवानगी देतात. आपल्यासारखा अभियंता त्या दिवशी माझ्याबरोबर असता तर तो परिच्छेद गळला नसता.

आणखी एक गोष्ट आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात लिहिलेली कामं कशी हरवतात? धुळीवर पाणी मारणं, मुरूम काढलेले खड्डे बुजवणं, सुपीक माती वेगळी काढून पुन्हा पसरणं, जुनी विहीर गेली तर नवी देणं, हे सगळं आराखड्यात असतं. निविदेच्या बाबींच्या यादीत मात्र त्याला स्वतंत्र ओळ नसते. 'कंत्राटदाराच्या दरात समाविष्ट' असं एका वाक्यात गुंडाळलेलं असतं. ज्याला ओळ नाही त्याचं मोजमाप नाही, ज्याचं मोजमाप नाही त्याचं बिल अडत नाही, आणि जिथे बिल अडत नाही ते काम कुणी करत नाही. मला एकच गोष्ट तपासायची मुभा मिळाली तर मी आराखडा आणि निविदा शेजारी ठेवून ओळीला ओळ लावीन. हे काम टेबलावर बसून एका दिवसात होतं आणि रस्त्यावर पहिला डंपर येण्याआधी होतं.

मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांचीही गत फार वेगळी नाही. त्यांनी दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो. मंजुरी देण्याची पद्धत आणि मंजुरीनंतरची देखरेख यांवर 'कॅग'ने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, २०१६ चा ३९ क्रमांकाचा अहवाल काढला. देखरेखीला मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयांत माणसं अपुरी होती आणि अटी मोडल्या म्हणून दंड होत नव्हता, असं त्यात नोंदलं आहे. हिशेबनिसांनीच हे उजेडात आणलं, एवढं श्रेय त्यांना द्या.

पर्यायी शिवाजी पुलाबद्दल लिहिताना मात्र हात जड होतो. जुना पूल एकोणिसाव्या शतकातला. शेजारचा नवा पूल बरासचा बांधून झाल्यावर अडला, कारण जवळची ब्रह्मपुरीची टेकडी प्राचीन स्थळ म्हणून संरक्षित आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्थळापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करायला कायद्याने बंदी आहे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून मिनीबस पंचगंगेत कोसळली आणि १३ माणसं गेली. आपण लिहिता, आक्षेपांनी त्यांचा जीव घेतला. आपला संताप मला कळतो, तो माझाही होता. पण तो पूल कुठल्या लेखापरीक्षणाने थांबवलेला नव्हता. लेखापरीक्षकाला काम थांबवण्याचा अधिकारच नाही. तो अहवाल देतो, तो विधिमंडळापुढे जातो, लोकलेखा समिती त्यावर प्रश्न विचारते, बस. मला उलटा प्रश्न पडतो. ब्रह्मपुरी काही रातोरात उगवली नाही. टेकडीपासून पुलापर्यंतचं अंतर मोजायला फीत लागते आणि एक सकाळ लागते. ती सकाळ आराखड्याच्या टप्प्यावर कुणी काढली असती, तर पूल थोडा सरकवायचा, परवानगी आधी मिळवायची की कायद्यात वाट काढायची, हे खांब उभे राहण्याआधी ठरलं असतं. पर्यावरण आणि सामाजिक तपासणीत ज्याला प्राथमिक छाननी म्हणतात ती एवढीच असते, आणि ती वेळेवर झाली तर काम अडत नाही. उशिरा उघड झालेली गोष्ट अडवते.

मोबदल्याबद्दल. होय, लोक मोबदल्याचं बोलतात. ज्याची जमीन जाते त्याने दुसरं काय बोलावं? पण सुनावणीला कोण बोलतं यापेक्षा कोण येतच नाही, तिकडे मी लक्ष वेधीन. सात-बाऱ्यावर नाव असलेला येतो. खंडाने जमीन कसणारा येत नाही, फाट्यावरची चहाची टपरीवाली येत नाही, गुऱ्हाळावर चुलवाण पेटवणारा येत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या व्याख्येत अशा उपजीविका गमावणाऱ्यांनाही बाधित कुटुंबांत जागा आहे. जागतिक बँकेची २०१८ पासूनची मानकंही मालकीचा कागद नसलेल्यांची दखल घेतात. तरी यादी सात-बाऱ्यावरूनच बनते, कारण ते सोपं आहे.

आणि ही माणसं दुर्लक्षिली की काय होतं, हे मुंबईने बघितलंय. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात विस्थापित होणाऱ्या दुकानदार-रहिवाशांनी २००४ मध्ये जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा निधी रोखला, तो जूनच्या अखेरीस पुन्हा सुरू झाला. कागदावर पुनर्वसन व्यवस्थित होतं. पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने होणारी कामं आता आपल्याही जिल्ह्यात येत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

शेवटी आपण विचारलंत, 'मग तुम्हाला नेमकं हवं तरी काय?' मला तपासणी तीनदा हवी आहे : निविदा निघण्याआधी, भराव पडत असताना, आणि काम संपल्यावर पहिल्या पावसाळ्यात. तिसऱ्या वेळी कागद घरी ठेवून जायचं आणि पाणी कुठे थांबलंय ते बघायचं.

ती मोरी अजून तिथेच आहे. गेल्या वर्षी मी जाऊन आलो, ऊस तसाच पाण्यात होता. या जूनच्या आधी आपण माझ्याबरोबर याल का? आपल्याकडे डम्पी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायचं यंत्र, असेल तर घेऊन या. मोरीचा तळ आणि ओघळीचा तळ यांत नेमका किती फरक आहे, तो आकडा मला अजून कुणी काढून दिलेला नाही.