स्वस्तातले विज्ञानपट: पैसा कुठे कमी पडतो आणि कुठे नाही

इंदूरमध्ये एकांकिका करणारी बरीच मंडळी आता मोबाइलवर शॉर्ट फिल्म करू लागली आहेत. भयकथा होते, प्रेमकथा होते, सामाजिक विषय तर होतोच होतो. विज्ञानकथेचं नाव काढलं की मात्र उत्तर ठरलेलं असतं: ‘भिया, बजेट कुठंय?’ मी दिग्दर्शक नाही, समीक्षक नाही, फक्त असे सिनेमे आवडीने बघणारा प्रेक्षक आहे. तरी माझं ठाम मत आहे की हे उत्तर खोटं आहे. पैसा कमी पडतो हे खरं, पण लोकांना वाटतं तिथे तो कमी पडत नाही.

‘प्रायमर’ घ्या. 2004 साली सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळालेला सिनेमा. खर्च 7,000 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीन-सव्वातीन लाख रुपये, तोही 16 मिलिमीटरच्या फिल्मवर. त्यातलं कालयंत्र म्हणजे माणूस आडवा मावेल एवढी पेटी. ना लखलखाट, ना धूर. नियम दोनच. पेटी ज्या क्षणी चालू केली त्याच्या आधी जाता येत नाही. आणि सहा तास मागे जायचं असेल तर सहा तास आत पडून काढावे लागतात. आता गंमत बघा: या दोन नियमांतूनच सगळी पटकथा आपोआप निघते. पेटी चालू करून ती बनवणारे दोघं मित्र दिवसभर हॉटेलच्या खोलीत दडून बसतात, कारण बाहेर फिरले तर स्वतःलाच भेटण्याची भीती. एका खोलीत टीव्ही बघत बसलेली दोन माणसं दाखवायला काय खर्च येतो? पण नियम माहीत असल्यामुळे आपला जीव टांगणीला लागलेला असतो. शेवटच्या भागात मात्र दिग्दर्शकाने मुद्दाम माहिती दडवली आहे असं माझं मत. तक्ते काढून तो भाग समजावणारे भक्त आहेत, त्यांनी रागावू नये. तक्ता काढल्याशिवाय जे कळत नाही ते खोल असतंच असं नाही.

थोडक्यात, एकच अशक्य गोष्ट घ्या आणि तिचा जमाखर्च शेवटपर्यंत चोख ठेवा. बहुतेक होतकरू लोक इथेच घसरतात: यंत्र आहे, शिवाय परग्रहवासी आहे, शिवाय नायकाला मनातलं ऐकू येतं. मग प्रेक्षक कशालाच घाबरत नाही, कारण पुढच्या मिनिटाला आणखी काहीतरी निघेल याची त्याला खात्री असते.

‘कोहेरन्स’ (2013) हा दुसरा धडा. साधारण 50,000 डॉलर, दिग्दर्शकाचं स्वतःचं घर, पाच रात्री. पूर्ण संवाद कुणाकडेच नव्हते. प्रत्येक नटाला रोज फक्त त्याच्यापुरत्या सूचना मिळायच्या. धूमकेतू जवळून जातो आणि तसंच दुसरं घर, तीच माणसं रस्त्यापलीकडे आहेत असं लक्षात येतं. कुठलं घर कुठलं हे ओळखायची खूण काय, तर हातातल्या चमकणाऱ्या कांड्यांचा रंग. निळी, लाल, हिरवी. दहा-वीस रुपयांची वस्तू. पण ती हातात दिसली की प्रेक्षक स्वतः हिशेब करू लागतो, आणि हिशेब करणाऱ्या प्रेक्षकाला भिंतीचा रंग दिसत नाही.

आपल्याकडच्या नाटकवाल्यांनी तर ‘बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स’ (2020) पाठ करावा. हा जपानी सिनेमा क्योटोच्या युरोप किकाकू या नाट्यसंस्थेने केला आहे. लांबी 70 मिनिटं, चित्रीकरण फोनवर, जवळजवळ सगळं एका चहा-कॉफीच्या दुकानात आणि त्यावरच्या खोलीत. वरच्या खोलीतल्या पडद्यावर खालच्या दुकानातलं दोन मिनिटांनंतरचं दिसतं, बस्स. खरी करामत घड्याळाची आहे. पडद्यावर जे ‘भविष्य’ दिसतं ते आधी चित्रित करून ठेवायचं, मग तेच संवाद दोन मिनिटांनी दुसऱ्या बाजूने त्याच ठेक्यात म्हणायचे. असं काही करायचं असेल तर पटकथा दोन रकान्यांत लिहा, डावीकडे वरची खोली, उजवीकडे खालची, आणि दर 10 सेकंदांना आडवी रेघ. पडद्याशी बोलणाऱ्या नटाच्या कानात मोजणी लावून द्या, कारण एखादं ‘हं’ जरी उशिरा आलं तरी जोड उघडी पडते. तालमीला वेळ लागतो, पैसे लागत नाहीत. आणि तालीम हा प्रकार मुंबई-पुण्याइतकाच इंदूरच्या मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेला आहे. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला अडीच तास नुसतं बोलणं ऐकत बसणारा प्रेक्षक ज्या शहरात आहे, तिथे ‘द मॅन फ्रॉम अर्थ’सारखा एका खोलीतला बोलपट का चालू नये?

फुकटात मिळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे विलंब. चंद्रावरून संदेश यायला सव्वा सेकंदापेक्षा किंचित जास्त लागतो. मंगळावरून, ग्रहांच्या अंतराप्रमाणे, तीन मिनिटांपासून बावीस मिनिटांपर्यंत. मंगळावरची बायको प्रश्न विचारते आणि इंदूरच्या नवऱ्याला तो ऐकू येईपर्यंत तिकडचं सगळं बदललेलं असतं. एक टेबल, एक पडदा, एक घड्याळ. एवढं आयतं नाट्य विज्ञानाने हातात ठेवलेलं असताना आपले लोक लेझर बंदुका करत बसतात.

पैसा कमी पडतो तो आवाजात. यावर मी वाद घालायला तयार आहे. चित्र थोडं दाणेदार असलं तरी प्रेक्षक माफ करतो, पण डब्यातून बोलल्यासारखा संवाद दोन मिनिटांत त्याला उठवतो. चांगला कॅमेरा भाड्याने आणण्याआधी कॉलर माइक घ्या. हनुवटीखाली साधारण एक वीत, कपड्याच्या आत टेपने पक्का. खळ घातलेला सुती कुर्ता आणि रेशीम दोन्ही खसखसतात, तेव्हा वेशभूषा आधीच ठरवा. पंखा, कूलर, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली त्यातच ठेवायची ही ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची जुनी युक्ती आहे, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचा विसर पडत नाही. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून फ्रेमच्या बाहेर गोधड्या लटकवा. पातळी अशी ठेवा की मोठ्यात मोठा शब्द उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहील. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून खोलीची नुसती शांतता एक मिनिट मुद्रित करा. संकलनात दोन वाक्यांमधली भोकं तिनेच बुजवावी लागतात. फोनचा स्वतःचा माइक वापरू नका. तो बोलणं थांबलं की आपणहून संवेदनशीलता वाढवतो आणि सूं असा आवाज वर येतो.

दुसरी खोच म्हणजे फोन फ्रेम-दर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते, आतल्या आत बदलत राहतो. वेगळा मुद्रित केलेला आवाज सुरुवातीला जुळतो आणि पाच-सात मिनिटांनी ओठांपासून सुटतो. संकलनाआधी फाइल हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम-दराची करून घ्या, आणि प्रत्येक शॉटच्या आधी टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायला खूण मिळते.

यानाचा आवाज घरीच तयार होतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर जवळून मुद्रित करा, वेग निम्मा करा; स्वर एक सप्तक खाली येतो आणि खोलीला एकदम वजन येतं. त्याचीच दुसरी प्रत किंचित वेगळ्या वेगाने वर ठेवली की हलके हेलकावे मिळतात. हा गुणगुणाट संवादाखाली सतत वाहता ठेवा. संकलनाचे सांधे तो लपवतो, आणि संकटाच्या वेळी तो अचानक बंद केला की वेगळं संगीत लागत नाही. मोठ्यांनीही असंच केलं आहे. ‘स्टार वॉर्स’मधल्या बंदुकीचा आवाज रेडिओच्या मनोऱ्याच्या ताणलेल्या तारेवर हातोडी मारून मिळवला होता. 1963 साली बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’मधल्या कालयंत्राची घरघर म्हणजे पियानोच्या खर्जातल्या तारांवर घासलेली घराची किल्ली.

उजेडाचं थोडक्यात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर बांधा. फोनला मोकळं सोडलं तर तो भलतंच काही निवडतो आणि भिंतीवर पट्टे सरकायला लागतात. एलईडी पट्टीचा डिमर वापरू नका, तो दिवा भराभर बंद-चालू करूनच मंद करतो. पूर्ण उजेड ठेवून वर बटर पेपर लावा. फ्रेममध्ये लॅपटॉप असेल तर त्याचा प्रकाश पूर्ण ठेवा आणि कॅमेऱ्याचं एक्स्पोजर उतरवा.

आता लहान मॉडेल, जो माझा लाडका विषय. हातभर लांबीचं यान खेळणं का वाटतं? कारण छोटी वस्तू भराभर हलते आणि भराभर पडते. उपाय गणिताचा आहे: मॉडेल जितक्या पट लहान, त्याच्या वर्गमुळाइतक्या पट जास्त फ्रेम. 1:16 चं मॉडेल असेल तर चौपट, म्हणजे सेकंदाला 25 ऐवजी 100. आता साध्या फोनमध्येही 120 असतात. 24 वर दाखवले तर पाचपट होतात आणि 1:25 पर्यंतचं मॉडेल निभतं. फोनचा छोटा सेन्सर इथे चक्क फायद्याचा, कारण पुढचं-मागचं सगळं स्पष्ट राहतं. मागचं धूसर झालं की वस्तूचा आकार लगेच कळतो. इतक्या फ्रेमना उजेड खूप लागतो, तेव्हा गच्चीवर उन्हात करा. एकच सूर्य, म्हणजे अवकाशातली कडक सावलीही आयती मिळाली. मागे काळी मखमल. पॉपलिन करडं दिसतं. धुळीसाठी चाळलेली माती चालते, मैदा नको, आगीजवळ पेट घेतो. पाणी आणि ज्वाळा टाळाच. थेंब लहान करता येत नाही आणि प्रेक्षकाला थेंबाचा आकार पाठ असतो.

मागचं दृश्य नंतर बदलता यावं म्हणून लावतात त्या हिरव्या पडद्याच्या नादी लागू नका. नट पडद्यापासून सहा-आठ फूट पुढे हवा, पडद्यावर उजेड सारखा हवा, सुरकुती नको, आणि एवढं करूनही फोन रंगाची माहिती इतकी दाबतो की केसांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्सने ‘मॉन्स्टर्स’ (2010) मधले सुमारे 250 इफेक्ट शॉट घरच्या संगणकावर एकट्याने केले. त्यातल्या कितीतरी ठिकाणी राक्षस नाहीच, फक्त रस्त्यावरची पाटी बदललेली आहे. पाटी तर आपल्याकडे तासाभरात छापून मिळते. चकचकीत फ्लेक्स नको, मॅट विनाइल घ्या, कोपऱ्यांना गंजाच्या रंगाचं पातळ पाणी मारा. आणि शॉट झाला की काढून आणा, नाहीतर कॉलनीत खरंच घबराट व्हायची.

वस्तूंबद्दल एकच सांगतो, वजन. महाराणी रोडवरचे टॉगल स्विच, पॅनेल दिवे आणि कबाड्याकडचा संगणकाचा डबा मिळून झकास यंत्र होतं, पण नट ते एका बोटाने उचलतो आणि सगळं मुसळ केरात. आत दोन विटा ठेवा. हेल्मेटला काच लावू नका. श्वासाने धुरकट होते, शिवाय तिच्यात अख्खं युनिट दिसतं.

देशी सिनेमांत मला आरती कडव यांचा ‘कार्गो’ (2019) फार आवडतो. पुष्पक 634ए नावाचं यान, त्यात प्रहस्त नावाचा राक्षस, आणि मेलेल्या माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करण्याची चाकरी. यानातली उपकरणं जुनाट दिसतात आणि ते शोभतं, कारण मुळात ते सरकारी कचेरीसारखंच चालतं. बजेटची मर्यादा कथेतच जिरवली आहे. मल्याळम ‘अँड्रॉइड कुंजप्पन’ (2019) मध्ये यंत्रमानवाच्या आत चक्क एक नट आहे आणि तरी म्हाताऱ्याचा त्याच्यावर जीव जडलेला आपण मान्य करतो. मराठीत सुजय डहाके यांनी 2016 मध्ये ‘फुंतरू’ केला, त्यानंतर त्या वाटेवर फारशी गर्दी झाली नाही. नारळीकरांच्या कथा वाचून वाढलेल्या भाषेची ही स्थिती मला खटकते.

इंदूरकरांना तर जागाही शोधायला नको. फ्रेंच दिग्दर्शक गोदारने ‘अल्फाव्हिल’ (1965) एकही सेट न उभारता रात्रीच्या पॅरिसमध्ये केला, काचेच्या नव्या इमारती हेच त्याचं भविष्य. आपला सुपर कॉरिडॉर हा रुंद रस्ता रात्री अकरानंतर बघा. ड्रोन मात्र विसरा, विमानतळ शेजारीच आहे. राजा रामण्णा या इथल्या संशोधन केंद्रात 2.5 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा ‘इंडस-2’ सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यांतून प्रकाश मिळवणारं यंत्र) चालतो, तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या घरातली गोष्ट अजून कुणी का लिहिली नाही? जून-जुलैमध्ये दोनदा, दुपारी साडेबाराच्या सुमारास, या शहरात उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. त्या दिवशी एकाच माणसाची सावली गेली नाही, एवढ्यावर वीस मिनिटांची फिल्म उभी राहते. शॉट मात्र पहिल्या फटक्यात घ्यावा लागेल, कारण दहा-पंधरा मिनिटांत सावली परत डोकं काढते.

ज्यांना हे सिनेमे बघायचेत त्यांनी सुरुवात ‘द मॅन फ्रॉम अर्थ’ने करावी, घरच्यांना सोबत बसवून. मग ‘टू मिनिट्स’, मग ‘कोहेरन्स’, तेही सगळे दिवे बंद करून. ‘प्रायमर’ सर्वात शेवटी, एकट्याने, सबटायटल्स लावून. त्यात दोघं एकाच वेळी बोलतात आणि एक वाक्य निसटलं तरी पुढचा अर्धा तास हातचा जातो.