कार्डिगन: दगडांना निधी मिळाला, हातांना नाही

गावाचा वारसा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बुरूज आणि तटबंदी येते. निधी वाटणाऱ्यांच्याही तेच येतं. पश्चिम वेल्समधलं कार्डिगन हे जुनं बाजारगाव मी गेली काही वर्षं जवळून बघतेय, आणि वारशाची ही समजूत अपुरी आहे असं माझं मत पक्कं होत चाललंय. पोस्ट लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

वेल्श भाषेत गावाचं नाव अबर्टेवी. टेवी नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे वसलेलं, वस्ती चार हजारांच्या आसपास. नदीवर जुना दगडी पूल, पुलाच्या तोंडाशीच किल्ला, तिथून वर चढत जाणारा मुख्य रस्ता आणि रस्त्यावर 1860 मध्ये पुरा झालेला गिल्डहॉल, म्हणजे गावच्या कारभाराची इमारत. गिल्डहॉलबरोबरच त्याच्या पोटात बाजारासाठी जागा बांधली होती. तेव्हाच्या लोकांनी गावचा कारभार आणि गावचा बाजार एका छपराखाली ठेवला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

किल्ल्याची ख्याती लढायांपेक्षा एका स्पर्धेमुळे आहे. हा भाग तेव्हा ऱ्हीस अप ग्रिफिथ या वेल्श राजाच्या ताब्यात होता. इतिहासात तो लॉर्ड ऱ्हीस म्हणून ओळखला जातो. किल्ला त्याने दगडात बांधून काढला आणि 1176 च्या नाताळात तिथे कवी आणि वादकांची स्पर्धा भरवली. वर्षभर आधी वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये दवंडी पिटली होती. बक्षीस म्हणून दोन खुर्च्या: एक कवितेसाठी, एक संगीतासाठी. संगीताची खुर्ची ऱ्हीसच्या स्वतःच्या दरबारातल्या माणसाने मिळवली आणि कवितेची उत्तरेकडच्या ग्विनेदच्या कवीने नेली. आज वेल्समध्ये दर ऑगस्टमध्ये भरणाऱ्या राष्ट्रीय आयस्टेदवोदचं मूळ या नाताळात शोधतात. आपलं साहित्य संमेलन आणि राज्य नाट्यस्पर्धा एकाच मांडवात आल्या तर जे होईल, साधारण तसा हा उत्सव. छंदोबद्ध काव्याच्या विजेत्याला आजही खुर्चीच देतात.

1976 मध्ये आठशे वर्षं झाली म्हणून राष्ट्रीय आयस्टेदवोद कार्डिगनला आला, आणि तिथे जे घडलं ते वेल्श लोक अजून आठवतात. परीक्षकांना सर्वांत सरस वाटलेली कविता निघाली डिक जोन्स यांची. हे इथल्याच पंचक्रोशीतले शेतकरी. पण ते साहित्य समितीवर होते, त्यामुळे नियमाप्रमाणे बाद ठरले आणि खुर्ची ॲलन लॉइड या कवीला मिळाली. नियम बरोबर की चूक यावर वाद घालणारे घालोत. मला त्यात वेगळंच काही दिसतं. दिवसभर शेतात राबणारा माणूस त्या अवघड, यमक-अनुप्रासांनी जखडलेल्या छंदात देशातली सर्वोत्तम कविता लिहीत होता. ती कला किल्ल्याच्या भिंतीत नव्हती, लोकांच्या जिभेवर आणि हातात होती. पुढे हेच डिक जोन्स आर्चड्रुइड, म्हणजे आयस्टेदवोदचे सोहळे चालवणाऱ्या कविमंडळाचे प्रमुख, झाले.

हातांवरच हे गाव मोठं झालं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्डिगन हे वेल्समधलं महत्त्वाचं बंदर होतं. तीनशेवर जहाजांची इथे नोंद होती, इथेच ती बांधली जात. हेरिंग मासा आणि किलगेरनच्या खाणीतला पाटीचा दगड इथून बाहेर जाई. माणसंही जात: 1819 मध्ये ‘ॲल्बियन’ नावाचं जहाज इथल्या कुटुंबांना घेऊन थेट कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकला गेलं. मग नदी गाळाने भरत गेली, 1886 मध्ये रेल्वे आली, आणि बंदर संपलं. 1962 मध्ये रेल्वेची प्रवासी वाहतूकही बंद झाली.

त्यानंतर गावाला आधार होता तो जीन्सच्या कारखान्याचा. ड्यूहर्स्ट कंपनीच्या या कारखान्यात सुमारे 400 माणसं काम करत आणि आठवड्याला 35,000 जीन्स शिवून मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीला पाठवत. चार हजारांच्या गावात 400! म्हणजे जवळजवळ प्रत्येक गल्लीत कुणीतरी जीन्स शिवणारं होतं. 2002 मध्ये काम मोरोक्कोला गेलं आणि कारखाना बंद पडला.

आता पुढची तारीख बघा. 2003 मध्ये परगण्याच्या परिषदेने, म्हणजे स्थानिक सरकारने, किल्ला विकत घेतला.

किल्ला तोवर खाजगी मालकीचा होता आणि त्याची दशा वाईट होती. रस्त्याकडची भिंत ढासळू नये म्हणून तिला लोखंडी टेकू लावलेले, आतलं घर राहण्यालायक उरलेलं नाही, बागेचं रान झालेलं. गावातले लोक वर्षानुवर्षं त्याच्यासाठी झटले. सुमारे 1 कोटी 20 लाख पौंड खर्चून 2015 मध्ये किल्ला पुन्हा उघडला. हा खर्च वाया गेला असं मी अजिबात म्हणणार नाही. किल्ला आज खरोखर गावाचा आहे: स्थानिक विश्वस्त संस्था आणि स्वयंसेवक तो चालवतात, आत मैफली होतात, वेल्शचे वर्ग भरतात, लग्नं लागतात. पुस्तकी संग्रहालय करून ठेवलं नाही, याबद्दल त्या लोकांना मानलंच पाहिजे.

पण माझा प्रश्न मला सोडत नाही. चाळीस वर्षांच्या सरावाने 400 माणसांच्या बोटांत उतरलेलं कौशल्य हा वारसा नव्हता का? कापड कसं ताणायचं, जाड शिवणीवर सुई कुठे अडते, हे पुस्तकातून येत नाही. ते शिकवायला, टिकवायला, पुढच्या पिढीकडे द्यायला कुठल्या वारसा निधीचा अर्ज होता? माझ्या माहितीत तरी नाही. भिंतीला टेकू द्यायला पैसे निघाले. कारागिराला टेकू द्यायची वेळ आली तेव्हा ते ‘बाजारपेठेचं गणित’ ठरलं.

ही नुसती हळहळ नाही, त्याला पुरावा आहे. कारखाना बंद झाल्यावर दहा वर्षांनी डेव्हिड आणि क्लेअर हीएट या दांपत्याने गावात ‘ह्यूट डेनिम’ सुरू केली, ती त्याच जुन्या कारागिरांना पुन्हा मशीनवर बसवून. जीन्स शिवणारा तिच्या आत सही करायचा. 2018 च्या जानेवारीत मेगन मार्कल कार्डिफला आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर ह्यूटची जीन्स होती आणि जगभरातून मागणीची रांग लागली. म्हणजे कसब मेलं नव्हतं. दहा वर्षं त्याला कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. आणि त्या दहा वर्षांत किती हात दुसरीकडे वळले असतील!

यात भाषाही आली. कार्डिगन ज्यात येतं त्या केरेडिगियन परगण्यात 2011 च्या जनगणनेत 47.3 टक्के लोक वेल्श बोलत होते, 2021 मध्ये 45.3 टक्के. शाळा वेल्श उत्तम शिकवतात. पण शिकलेल्या मुलाला गावात काम नसेल तर ते कार्डिफला नाहीतर इंग्लंडला जाणार, आणि त्याच्या आईवडिलांचं समुद्राजवळचं घर सुट्टीपुरतं येणारा कुणीतरी घेणार. भाषेसाठी तळमळणाऱ्या प्रत्येकाने आधी रोजगाराबद्दल बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

गावाने मात्र हात बांधून बसायचं नाकारलं. 4सीजी नावाची सहकारी संस्था लोकांनीच उभी केली, भागभांडवल जमवलं, पुल्हाय भागातली जागा विकत घेतली, तिथे स्वस्त वाहनतळ सुरू केला आणि स्थानिक माल विकणाऱ्यांना आसरा दिला. वाहनतळ ही वारशाची गोष्ट वाटणार नाही, पण बाजारगावात गाडी लावायला जागा नसेल तर बाजार गावाबाहेरच्या सुपरमार्केटला जातो. आणि बाजार गेल्यावर नुसतं बाजारगाव म्हणवून घेण्यात काय अर्थ?

तुमच्यापैकी कुणी वेल्सला येणार असाल तर एप्रिलचा शेवटचा शनिवार साधा. त्या दिवशी सादुर्न बार्लिस असतो, बार्लीची पेरणी संपल्याचा घोड्यांचा मेळा, 1871 पासूनचा. वेल्श कॉब जातीचे घोडे मुख्य रस्त्यावरून धावत नेतात, मालक लगाम धरून बरोबरीने पळतात, आणि दोन्ही बाजूंना अख्खी पंचक्रोशी उभी असते. घोड्याची पारख हेही हातांचंच ज्ञान, बापाकडून मुलीकडे गेलेलं. किल्ला जरूर बघा, गिल्डहॉलच्या बाजारातून काहीतरी विकत घ्या. आणि गाडी पुल्हायला लावा, ते पैसे गावातच राहतात.